फळीवर उरलेला बिल्ला

वादळाचा इशारा आदल्या संध्याकाळीच आला होता. तरी टॉर्चचे सेल कमी आहेत हे मोजणीबाईंना रात्री अंथरुणात आठवलं आणि मग झोप कसली लागतेय. सकाळी सातला त्या दुकानाच्या दारात हजर. दुकानदार शटर अर्धं वर करून जांभया देत होता. बाईंनी बारा सेल मागितले, काउंटरवर ओळीने उभे करून मोजले आणि पिशवीत टाकताना पुन्हा मोजले. दुकानदार म्हणाला, बाई, सेलच आहेत, पाय फुटून पळणार नाहीत. बाई हसल्या नाहीत. एकेकाळी त्या अशा बोलण्यावर हसत असत.

मोजणीबाई हे अर्थातच त्यांच्या माघारी घ्यायचं नाव. शाळेत त्या दुसरीच्या वर्गशिक्षिका आणि कागदोपत्री आपत्कालीन व्यवस्थेच्या प्रमुख. एवढं लांबलचक पद कोण उच्चारणार? बाई पायऱ्या चढताना पायऱ्या मोजतात आणि डबा खाताना घास मोजतात, असं चित्रकलेच्या बाई सगळ्यांना सांगत. घासांचं खोटं होतं, पायऱ्यांचं खरं होतं. शाळा तरी केवढी, एका बंद पडलेल्या छापखान्याची बैठी इमारत. चार वर्ग, एक कार्यालय, मधोमध बिनखिडक्यांचा लांब बोळ, मागच्या अंगाला व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला संगीताची खोली. फी भरून येणारी मुलं एकूण एकेचाळीस. एवढ्याशा जागेत कोण हरवणार, असं कुणालाही वाटेल. सात वर्षांपूर्वी बाईंनाही तसंच वाटलं होतं.

तेव्हा मुलं अडतीस होती. वादळ भरदुपारी आलं. सगळ्यांना बोळात आणलं आणि बाईंनी डोकी मोजली. बरोबर अडतीस. फाटकाशी एक बाप जीव मुठीत धरून उभा होता. त्याला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, काळजी करू नका, सगळी आत आहेत, मीच मोजलीत. त्या दिवशी चित्रकलेच्या बाईंनी आपल्या भाच्याला सोबत आणलं होतं, त्याची शाळा बंद होती म्हणून. तो पोरांत पोर होऊन बसला आणि मोजणीत आला. आकडा जुळला, म्हणून कुणी शोधायला गेलं नाही. दुसरीतली एक मुलगी संगीताच्या खोलीत राहिली होती. शिपाईकाकांना ती संध्याकाळी सापडली. टेबलाखाली, शिकवलं होतं तशीच, डोकं गुडघ्यांत घालून आणि मानेवर दोन्ही हात धरून. छताचा वासा टेबलासकट तिच्या अंगावर आला होता. ती त्याच बापाची होती.

चौकशीत बाईंवर ठपका आला नाही. आला असता तर कदाचित त्या सुटल्या असत्या. शिक्षा भोगून संपते. ज्याला शिक्षाच झाली नाही त्याने काय संपवायचं?

मग त्यांनी बिल्ल्यांची पद्धत काढली. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक लाकडी फळी, फळीवर खिळे आणि खिळ्यांना मुलांच्या नावांचे बिल्ले. शिटी वाजली की प्रत्येकाने आपला बिल्ला काढायचा, रांगेने बोळात यायचं आणि बिल्ला पत्र्याच्या डब्यात टाकायचा. आधी डोकी मोजायची, मग नावं पुकारायची, शेवटी बिल्ले. तिन्ही आकडे जुळले तरच मोजणी झाली म्हणायचं. बाहेरचं मूल शाळेत आणायला सक्त मनाई. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; मोजणीबाई पाणीसुद्धा फुंकून पीत.

त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या पायाला भिंगरी होती. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून घेतल्या. पाण्याचे कॅन बोळात ठेवले, औषधाची पेटी उघडून पाहिली, पालकांच्या फोन नंबरांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. व्हरांड्यातल्या कुंड्या वाऱ्याने उडून कुणाच्या डोक्यात जायला नकोत म्हणून शिपाईकाकांना त्या आत घ्यायला सांगितल्या. काकांनी विचारलं, कुठे ठेवू? बाई म्हणाल्या, संगीताच्या खोलीत. तिथे नवं छत घातल्यापासून गाणं कुणी शिकलं नव्हतं, मोडकी बाकं आणि एक जुनं टेबल तेवढं पडून असे. काकांनी दुपारी बारापर्यंत कुंड्या वाहिल्या आणि कुलूप लावलं. बाईंनी जाऊन ते कुलूप ओढून पाहिलं.

मुख्याध्यापक सर तसे निवांत गृहस्थ. त्यांनी दोनदा सांगितलं की बाई, बसा जरा, वादळ तुमची धावपळ बघून माघारी जाणार नाही. बाई बसल्या आणि लगेच उठल्या. बाहेर हवा नव्हती. झाडाचं पान हलत नव्हतं, आभाळ पितळेसारखं पिवळट झालं होतं आणि सकाळपासून एकही पक्षी ओरडला नव्हता. मुलं मात्र खुशीत होती. अभ्यास बुडणार म्हटल्यावर पोरांना वादळ काय आणि वरात काय.

त्यातली एक खारूताई. दुसरीतली, दोन वेण्यांची, खिशांत जगाचा पसारा साठवणारी. पेन्सिलींची टोकं, बाटल्यांची झाकणं, तुटकी बटणं, काय म्हणाल ते. जिथे जाऊ नको म्हणाल तिथे ही आधी जाणार. हजेरीच्या वेळी तिची मैत्रीण तिच्या नावाला खुशाल 'हजर' म्हणे आणि ही तिच्या नावाला. बाईंनी दोघींना कितीदा रागे भरलं होतं. त्या दिवशीही मधल्या सुट्टीत खारूताई व्हरांड्यात काकांच्या मागे मागे फिरताना त्यांना दिसली होती.

अडीचला अंधारून आलं. म्हणजे असं की वर्गात समोरच्याचं तोंड दिसेना. पहिला वारा फाटकावर आदळला तेव्हाच बाईंनी शिटी फुंकली.

मुलं शिस्तीत आली. डब्यात बिल्ले टणाटण पडले. सगळी बोळाच्या दोन्ही भिंतींशी बसली, डोकी गुडघ्यांत, हात मानेवर. शिटी होईपर्यंत मान वर करायची नाही, हा नियम. वीज गेली. बोळाच्या एका टोकाला तेवढा एक दिवा होता, त्याचा उजेड निम्म्या वाटेतच संपत होता. बाई ओळीने चालत गेल्या. नुसत्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्या प्रत्येक पाठीवर हात ठेवून मोजत. एकेचाळीस. मग त्यांनी नावं पुकारली. वाऱ्याच्या आवाजात मुलांचे आवाज बारीक वाटत होते, पण प्रत्येक नावाला 'हजर' आलं. एकेचाळीस. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. चित्रकलेच्या बाई बिल्ले मोजत होत्या, त्यांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"चाळीस आहेत," त्या म्हणाल्या.

 मोजणीबाईंनी डबा जमिनीवर उपडा केला, टॉर्च तोंडात धरली आणि बिल्ले वर्गवार लावले. पहिली पूर्ण, तिसरी पूर्ण, चौथी पूर्ण. दुसरीचा एक नव्हता. त्या धावत दुसरीच्या वर्गाशी गेल्या. फळीवर एक बिल्ला एकटाच लटकत होता. खारूताईचा.

सर म्हणाले, पोरगी विसरली असेल, तिचं लक्ष कधी ठिकाणावर असतं? डोकी जुळली, हजेरी जुळली, एका लाकडाच्या तुकड्यासाठी जीव कशाला खाली-वर करायचा? बोलणं चुकीचं नव्हतं. पण डोकी जुळणं म्हणजे काय, हे त्या बोळात एकट्या मोजणीबाईंना माहीत होतं. पाठी अंधारात मोजल्या होत्या, एखादी दोनदा मोजली गेली असेल. 'हजर' मैत्रिणीनेही म्हटलं असेल. बिल्ला मात्र कुणासाठी खोटं बोलत नाही.

त्या टॉर्च घेऊन टोकाकडे निघाल्या, एकेका मुलाची मान वर करून बघायला. तिसऱ्या की चौथ्या मुलाशी पोचल्या असतील, तेवढ्यात त्यांना ऐकू आलं. मागच्या अंगाने, लांबून. टक, टक, टक. थांबून पुन्हा टक, टक, टक. दारावर कुणीतरी बोटांची हाडं आपटावीत तसं.

"ऐकलंत?"

"वारा आहे हो," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "बाई... नका ना जाऊ."

बाईंना एकदम सगळं लख्ख दिसलं. काका कुंड्या ठेवत होते, खारूताई मागे होती, खिशातली संपत्ती लपवायला ती मोडक्या बाकांमागे शिरली आणि काकांनी कुलूप लावलं. आणि ते कुलूप ओढून बघायला कोण गेलं होतं? त्यांनी खुंटीवरचा रेनकोट आणि संगीताच्या खोलीची किल्ली घेतली आणि मागचं दार उघडलं. सरांनी अडवायला हात पुढे केला होता, पण दार वाऱ्याने असं आदळलं की त्यांना तो मागे घ्यावा लागला.

व्हरांडा चाळीस पावलांचा. एरवी त्या मोजत गेल्या असत्या. पाऊस आडवा येत होता, डोळे उघडता येत नव्हते. भिंतीला धरत, खांबांना मिठ्या मारत त्या टोकाला पोचल्या. टकटक थांबली होती. त्या पावसात किल्ली कुलपात जाईना. दार उघडलं तसा ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा वास अंगावर आला. टॉर्चने दोनदा डोळा मारला आणि ती विझली. सकाळचे नवेकोरे सेल.

"आहेस का गं?" त्यांनी विचारलं.

 डोक्यावर पत्रा करकरत होता. मग खालून, कोपऱ्यातून, अगदी बारीक आवाज आला.

"बाई...?"

बाई गुडघ्यांवर बसल्या, कुंड्यांमधून हात पुढे करत चाचपडल्या. टेबलाचा पाय लागला. त्याच्या खाली मुलगी होती, डोकं गुडघ्यांत, हात मानेवर. दोन वेण्या त्यांच्या बोटांना लागल्या आणि बाईंच्या जिवात जीव आला. बाहेर काहीतरी मोठं मोडून पडलं. आता परत जाणं म्हणजे जीव द्यायला जाणं. बाई तशाच टेबलाखाली शिरल्या, मुलीला कुशीत घेतलं आणि रेनकोट दोघींवर ओढला. पोर बर्फासारखी गार होती. एवढा वेळ ओल्यात बसली, गार पडणारच, असं म्हणून त्या तिचे तळहात चोळत राहिल्या. तिने तोंड त्यांच्या खांद्यात खुपसलं होतं आणि काही केल्या काढत नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा छताला धरून हलवत होता. बाई मनात छताला विनवत होत्या, थांब रे बाबा, एवढा एक दिवस थांब. पत्र्याचा एक खिळा सुटला, टणकन कुंडीवर पडला, मग दुसरा. मुलगी हलली नाही. खूप वेळाने तिने विचारलं,

"मोजून झालं?"

"झालं गं."

"मी होते त्यात?"

 सात वर्षांत बाईंना कुणीच नेमकं हे विचारलं नव्हतं.

"नव्हतीस," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले."

 मुलीने बाईंचा हात घट्ट धरला. त्यानंतर तिसरा खिळा पडला नाही.

साडेपाचच्या सुमारास वाऱ्याचा जोर ओसरला. बाईंनी रेनकोट मुलीच्या डोक्यावरून गुंडाळला, तिला कडेवर घेतलं आणि व्हरांडा ओलांडला. तीन खांब आडवे झाले होते, पण छत उभं होतं. आठ वर्षांच्या पोरीला असं कडेवर घ्यायचं म्हणजे कंबर बोलायला हवी, पण बाईंना ओझं असं वाटलंच नाही. आनंदात माणसाला ओझं कुठे कळतं, असं त्यांना वाटलं. त्यांना खरोखर आनंद झाला होता. मोठ्याने ओरडून सांगावं इतका.

पुढच्या दाराशी पालकांची झुंबड होती. रेनकोट, छत्र्या, रडारड, गाड्यांचे दिवे. बाई मागच्या बाजूने कार्यालयात शिरल्या. तिथे भिंतीशी बाक होतं, त्यावर त्यांनी मुलीला बसवलं. मेजावर मेणबत्ती होती, तिचा उजेड बाकापर्यंत नीट जात नव्हता. हलू नको, मी आलेच, असं सांगून त्या दाराशी गेल्या. बोळ जवळजवळ रिकामा झाला होता. चित्रकलेच्या बाई मुलं सोडण्याची वही घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक नावापुढे नेणाऱ्याची सही. शेवटच्या दोन भावंडांना त्यांच्या आजोबांनी नेलं आणि त्यांनी वही मिटली.

"झालं बाई. एकेचाळीस," त्या म्हणाल्या. "एवढा वेळ तिकडेच होतात? सर आत्ताच तुम्हाला शोधत मागे गेलेत."

बाईंनी वही ओढून घेतली. खारूताईच्या नावापुढे तिच्या वडिलांची सही होती. त्यांनी विचारलं, ही सही केव्हाची? चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, मघाचीच, सगळ्यांत आधी तेच आले होते. घरी सगळे वाट बघत असतील म्हणून त्या घाईने निघूनही गेल्या.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अंधार, गर्दी, डोक्यावर टोपी ओढलेला बाप. घाईघाईत दुसऱ्याच कुणाची मुलगी त्याच्या हाती दिली की काय? पण मग त्या मुलीच्या घरचे आल्यावर बोंब झाली असती. बोंब झाली नव्हती. एकेचाळीस मुलं होती, एकेचाळीस गेली होती. बाई कार्यालयात परत आल्या. मुलगी तशीच बसली होती, रेनकोटात गुरफटलेली, पाय हलवत. बाईंनी यादी काढली आणि फोन उचलला. फोन चालू होता.

खारूताईच्या आईने घेतला. बाईंनी जपून विचारलं, मुलगी पोचली का? आई म्हणाली, हो, केव्हाच, समोर बसून खातेय. बाई म्हणाल्या, तुम्ही नीट बघितलंत ना तिच्याकडे? आई जरा बावरून हसली. मग म्हणाली, थांबा, तिलाच देते.

"बाई, माझा बिल्ला फळीवरच राहिला," खारूताई तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "माझ्या हातात झाकणं होती ना, म्हणून. तुम्ही पाठीवर हात ठेवलात तेव्हा सांगणार होते. पण मान वर करायची नव्हती."

ती खारूताईच होती. तो घोगरा आवाज, ते तोंड भरून बोलणं, त्यात शंकेला जागाच नव्हती. बाईंनी तिला काहीतरी बरं बोलून फोन ठेवला. ठेवल्यावरही हात त्यावरच राहिला. मागे बाकावर पाय हलायचे थांबले होते.

सगळं आपापल्या जागी बसत गेलं आणि प्रत्येक गोष्ट बसली तसा बाईंच्या अंगावर एकेक काटा आला. सर म्हणाले होते तेच खरं होतं. पोरगी नुसती विसरली होती. मोजणी पहिल्यापासून बरोबर होती, आणि दुपारी त्यांनी स्वतः ओढून पाहिलेलं कुलूप त्यांनीच उघडेपर्यंत बंद होतं. पळून जावं असं त्यांना वाटलं. दार चार पावलांवर होतं. खरं सांगायचं तर त्यांनी एक पाऊल टाकलंही.

"बाई," बाकावरून आवाज आला. "मला न्यायला कोण येणार?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मेणबत्ती मेजावर होती, उचलून तोंड बघता आलं असतं. तेवढं धाडस त्यांना झालं नाही. पण पाय पुढेही गेले नाहीत. याच मुलीच्या बापाला त्यांनी फाटकाशी उभं ठेवलं होतं, मीच मोजलीत म्हणून. एकदा सोडून गेले, आता पुन्हा जायचं? त्या रडत होत्या, हे त्यांना गालावरून पाणी हनुवटीशी आलं तेव्हा कळलं. त्यांनी वही उघडली. एकेचाळीस ओळींच्या खाली त्यांनी एक नाव लिहिलं. सात वर्षांत एक दिवसही न विसरलेलं नाव. त्याच्यापुढे, नेणाऱ्याच्या जागी, स्वतःची सही केली. मग न बघताच हात मागे केला.

त्या हातात गार बोटं आली.

बाहेर पाऊस थांबला होता. फाटकाशी शिपाईकाका एकटेच मोडक्या फांद्या बाजूला ओढत होते. पावलांची चाहूल लागली तशी त्यांनी टॉर्च वर केली. उजेड आधी बाईंच्या तोंडावर आला, मग खाली त्यांच्या डाव्या हाताकडे गेला आणि तिथेच थांबला. काकांनी हातातली फांदी सावकाश खाली ठेवली. 

"बाई..." ते शेवटी म्हणाले, आवाज अगदी हळू. "हिच्या घरचे तर गाव सोडून गेले. तेव्हाच."

"माहीत आहे, काका. माझ्याकडे नेते."

काकांनी फाटक उघडलं आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, अंग चोरून, वाट पुरेशी रुंद असतानाही. बाई बाहेर पडल्या.

रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, दिवे कुठेच नव्हते. बाई हळूहळू चालत होत्या, खड्डे चुकवत, लहान पावलांना जमेल अशा चालीने. त्या पावलं मोजत नव्हत्या. कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुठीतली बोटं आता गार राहिली नाहीत, चांगली ऊबदार झाली आहेत. गार पडत चालला होता तो बाईंचा हात. बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत, आणि घर अजून बरंच लांब होतं.